उभं पीक

वकील मधुसूदन अंबेकर त्या सकाळी शहरातल्या गारखेडा भागातल्या घरून कोर्टाला निघाले तेव्हा त्यांच्या मनात काहीही पाप नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत वाचून त्यांच्याविषयी तुमचं मत वाईट होईल, आणि तसे ते वाईट नव्हते. पक्षकाराला ताटकळत ठेवत नसत, न्यायाधीशांपुढे खोटा कागद कधी ठेवला नाही, दर गुरुवारी न चुकता दत्ताला जाऊन येत. आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात तसे ते एक सज्जन गृहस्थ होते. या गोष्टीतली खरी अडचण तीच आहे.

घराच्या बाहेरच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. तिथं कारकून अप्पाराव दिवसाच्या फायली बांधून तयार होते.

"आज पिशोरची तारीख आहे," अप्पाराव म्हणाले. "भागूबाई विरुद्ध बद्रीनाथ. आणि आपल्या ताईंच्या हक्कसोडीचा मसुदा टाईप झालाय. सवडीनं नजर टाका."

मधुसूदनरावांनी उभ्या उभ्याच मसुदा चाळला. हे घर वडिलांनी बांधलेलं. वडील गेल्यावर ते दोघांचं झालं, मधुसूदनरावांचं आणि धाकट्या अनसूयेचं. अनसूया जालन्याला एका खासगी शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली होती. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, पेन्शन नाही, राहायला भाड्याच्या दोन खोल्या. पण घराचा विषय तिनं कधी काढला नव्हता. फोनवर उलट हसून म्हणाली होती, "सही ना दादा? उन्हाळ्यात येईन तेव्हा करते की. त्यात विचारायचं काय?" वहिनींनी तिच्यासाठी साडीसुद्धा आणून ठेवली होती, चांगली काठापदराची.

हक्कसोड म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून सांगायची गरज नसावी. बहिणीनं बापाच्या मिळकतीतला आपला वाटा भावाला कायमचा सोडून द्यायचा. बदल्यात एक साडी, आणि माहेरचं दार उघडं राहील असा अलिखित करार. ही चाल गावातली, अडाणी लोकांची, असं शहरातली माणसं मानतात. ज्यांच्या घरात कुठल्याच बहिणीनं अशी सही केलेली नाही त्यांनी खुशाल हात वर करावा. मला माझा हात वर करता आला नाही.

भागूबाईंनी सही केली नव्हती. म्हणून तर त्या कोर्टात होत्या.

ही सोळा वर्षांपूर्वीची हकिगत. कन्नड तालुक्यातल्या पिशोरचे धोंडिबा वारले. मागं आठ एकर ओलिताची जमीन, मुलगा बद्रीनाथ आणि मुलगी भागूबाई. भागूबाई तेव्हाच विधवा होती, पदरात एक मुलगी, रूपा, सासरी दीरांनी उभं राहू दिलं नव्हतं. बद्रीनाथनं दिवाळीला बहिणीला आणलं, पुरणपोळी केली, जांभळ्या रंगाचं पिवळ्या काठाचं लुगडं तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "भागे, उद्या कन्नडला जाऊन सही करून देऊ. गाडी सांगितली म्या."

भागूबाईंनी लुगड्यावरून हात फिरवला आणि ते भावाकडे परत सरकवलं. "लुगडं वर्सभरात फाटतं, बद्री," ती म्हणाली. "मला बापाचं रान दे. सगळं नको. जे माझं हाय तेवढं दे."

बद्रीनाथ काही राक्षस नव्हता. लहानपणी ओढ्याला पूर आला की याच बहिणीला पाठीवर घेऊन शाळेत नेणारा तो. पण बहिणीला जमीन देणारा भाऊ आमच्याकडे पारावर चेष्टेचा विषय होतो. बायकोचं ऐकतो म्हणतात, बहिणीचं ऐकतो म्हणतात, बाईलवेडा म्हणतात. बद्रीनाथला बहिणीपेक्षा पाराचं भय जास्त वाटलं. भागूबाई रिकाम्या हातानं परतली, गारखेड्यात खोली घेऊन मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटू लागली आणि तिनं वाटणीचा दावा लावला. त्या दिवसापासून पिशोरात तिचं नाव कुणी सरळ घेतलं नाही. भावाला कोर्टात ओढणारी, एवढंच.

बारा वर्षांपूर्वी निकाल लागला. निम्मी जमीन तिची. भागूबाईंनी मेसमध्ये पेढे वाटले.

इथं वाचकांना कोर्टाची एक रीत सांगायला हवी. वाटणीचा दावा कोर्ट मधोमध दोन भागांत करतं. आधी एवढंच ठरवतं की वाटा आहे का, आणि आहे तर किती. तो प्राथमिक हुकूमनामा. मग वेगळ्यानं ठरायचं की तो वाटा जमिनीवर नेमका कुठे, बांध कुठून, विहिरीला वाट कुठून. त्यासाठी मोजणी होते, आणि तिच्यानंतर अंतिम हुकूमनामा. रीत वाईट नाही. मोठा घास दोनदा तोडून खावा, इतकाच तिचा अर्थ. पण दोन घासांच्या मध्ये किती थांबायचं हे कुणी कुठे पक्कं बांधून ठेवलेलं नाही, आणि वकील मधुसूदन अंबेकरांचं सगळं कसब त्या मधल्या जागेत होतं.

पहिल्या निकालाच्या दिवशी बद्रीनाथ त्यांच्यासमोर डोकं धरून बसला होता. "हरलो म्हना की साहेब."

"अर्धं हरलात," मधुसूदनराव म्हणाले होते. "तिचा निम्मा वाटा आहे, हे झालं. पण निम्मा म्हणजे कुठला? ते मोजणीशिवाय ठरत नाही. आणि उभ्या पिकात मोजणी होत नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे रान मोकळं दिसू देऊ नका. एक पीक निघतंय तोवर दुसरं पेरा. मोजणीवाले येतील, पीक बघतील, तसा शेरा मारतील आणि जातील. बाकी मी बघतो."

यात खोटं काही नव्हतं. शेतकऱ्यानं शेत पेरू नये असा कायदा थोडाच आहे? मधुसूदनराव त्या दिवशी घरी शांत झोपले. तेव्हापासून दर हंगामाआधी बद्रीनाथचा फोन येई, "साहेब, अद्रक निघायला आली, आता काय पेरू?" आणि मधुसूदनराव, ज्यांना कुंडीतली तुळस जगवता आली नव्हती, ते पिशोरच्या आठ एकरांत काय पेरायचं ते ठरवत. अद्रकीवर मका, मक्यावर कपाशी, कपाशी उपटली की पुन्हा अद्रक. कुंपणानंच शेत खाणं म्हणतात ते हेच. फक्त हे कुंपण काळा कोट घालून रोज साडेदहाला कोर्टात हजर असायचं.

तर त्या जानेवारीतल्या सकाळी मधुसूदनराव क्रांती चौकातल्या गर्दीतून वाट काढत कोर्टात पोहोचले. काम दोन मिनिटांत आटोपलं. मोजणी झालेली नाही, शेतात अद्रक उभी आहे, पुढची तारीख. बाहेरच्या बाकावर भागूबाई नेहमीप्रमाणे बसल्या होत्या. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर. त्यांचे वकील बहुधा दुसऱ्याच कुठल्या कोर्टात अडकलेले असत, त्यामुळे आत काय झालं ते त्या भावाच्या वकिलालाच विचारत.

"काय झालं वो साहेब आज?"

"मोजणी राहिली आहे, भागूबाई. पुढची तारीख मार्चमधली."

"आता काय उभं हाय रानात?"

"अद्रक."

"मागच्या खेपंला कपाशी व्हती. त्याच्या आधी मका." त्यांनी बोटांवर मोजलं. "साहेब, एक इचारू का? आमचा बद्री पोरपनापासून लई आळशी. बाप वरडायचा तवा कुठं नांगराला हात लावायचा. आन आता बारा वर्सं झाली, त्याचं रान एक दिस रिकामं नाय. त्याला हे कुनी शिकवलं असंल?"

मधुसूदनरावांनी घड्याळाकडे पाहिलं. "शेतीतलं मला काही कळत नाही," ते म्हणाले.

"व्हय, तुमाला कसं कळंल." भागूबाई उठायचा प्रयत्न करत होत्या. गुडघे साथ देत नव्हते, मेसचं काम सुटलं होतं आणि वर्षभरापासून त्या लेकीकडे राहत होत्या. "मला सगळे चार एकर नको, बगा. बांधाची चिंच हाय ना, तिच्या बुडाचा तुकडा जरी आधी देला तरी बास. पत्र्याची येक खोली टाकीन. जावई लई चांगला हाय, उपाशी नाय ठेवत. पन लेकीच्या दारात मरनं बरं दिसत नाय. आपल्या दारात मेलेलं बरं असतं."

मग त्यांनी पिशवीच्या तळातून मूठभर बोरं काढून वकिलांच्या हातावर ठेवली. "रूपाच्या दारात झाड हाय. गोड हायेत."

खरंच गोड होती. क्रांती चौक येईपर्यंत मधुसूदनरावांनी ती सगळी संपवली.

मार्चची तारीख भागूबाईंना मिळाली नाही. फाल्गुनातल्या एका सकाळी रूपानं चहा घेऊन हाक मारली तर त्या उठल्या नाहीत. गारखेड्यातल्याच एका गल्लीत, जावयाच्या घरात, जिथं मरायचं नव्हतं तिथंच.

शेजारच्या गीताबाईंनी आंघोळ घालायची तयारी केली. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. भाऊ जिवंत असेल तर ते त्यानं आणायचं, त्याशिवाय उचलत नाहीत. कुणीतरी पिशोरला फोन केला. बद्रीनाथ अकरा वाजता जीप घेऊन आला. दारात चप्पल काढताना त्याचा तोल गेला आणि जावयानं त्याला धरलं. काखेतली पिशवी त्यानं रूपापुढं केली.

रूपानं पिशवीतलं लुगडं काढलं. जांभळं, पिवळ्या काठाचं. सोळा वर्षं पेटीत राहून घड्यांवर रंग विटलेला. रूपानं ते कधी पाहिलं नव्हतं, पण आईच्या तोंडून इतकेदा ऐकलं होतं की ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"मामा," ती हळूच म्हणाली, "हे तेच हाय ना? सहीचं?"

बद्रीनाथ भिंतीकडे बघत राहिला. त्यानं काही कावा केला नव्हता. निरोप आला, दुकानं उघडलेली नव्हती, पेटीत बहिणीच्या नावाचं एक लुगडं होतं ते त्यानं उचललं. एवढंच.

"आईनं जित्तेपनी हे घेतलं नाय," रूपा म्हणाली. "आता तिला नको म्हनता येत नाय, म्हणून अंगावर टाकू राहिले का?"

"अगं, माहेरचं असतं ते, नाय म्हनू नये," गीताबाई मध्ये पडल्या.

"माहेर कुठं राहिलंय, मावशी? वाटा मागितला त्याच दिवशी तुटलं ते." रूपानं लुगड्याची घडी पुन्हा नीट घातली आणि मामाच्या हातात दिली. "घेऊन जा, मामा. माझ्या आईनं सही नाय केली. तिच्याकडनं मी पन करनार नाय."

तिनं दोरीवरचं आईचं रोजचं धुतलेलं लुगडं काढलं आणि आईच्या अंगावर घातलं. बायका कुजबुजल्या, पण पुढं येऊन कुणी अडवलं नाही. बद्रीनाथ स्मशानात सगळ्यांच्या मागं उभा होता. ती पिशवी त्याच्या काखेतच होती.

दहावा झाल्यावर तो मधुसूदनरावांच्या ऑफिसात आला. बसला नाही. टेबलावर ती पिशवी ठेवली आणि बहीण कशी गेली, लुगडं कसं परत आलं, सगळं एका दमात सांगितलं. सांगून झाल्यावर विचारलं, "साहेब, आता पुढं?"

तीस वर्षांची सवय अशी असते की जीभ डोक्याच्या आधी चालते. "आता तिचे वारस लागल्याशिवाय काम सरकत नाही," मधुसूदनराव म्हणाले. "रूपाला अर्ज करू द्या. त्यावर आपण म्हणणं देऊ, हरकत घेऊ. दोन-तीन वर्षं तर सहज..." आणि ते थांबले. आपलाच आवाज त्यांना ऐकू आला, आणि तो त्यांना आवडला नाही.

बद्रीनाथचं त्याकडे लक्ष नव्हतं. "अद्रक काढली साहेब," तो म्हणाला. "निम्मी सडकी निघाली. त्याच त्या रानात घेऊ घेऊ मातीचा जीव गेला. बाप असता तर चाबकानं मारला असता." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "तर इचारायला आलो, या खेपंला काय पेरू?"

त्याला हे कुनी शिकवलं असंल, असं बाकावर बसून विचारणाऱ्या बाईला मधुसूदनरावांनी घड्याळ दाखवलं होतं. आता घड्याळ दाखवायला समोर कुणी नव्हतं.

"काही पेरू नका, बद्रीनाथ."

"काय?"

"काहीच पेरू नका. रान मोकळं ठेवा."

"मंग मोजनी व्हईल."

"व्हायला पाहिजे. बारा वर्षांपूर्वीच व्हायला पाहिजे होती."

बद्रीनाथ तेव्हा कुठे खुर्चीत बसला. "हे तवाच काहून नाय सांगितलं, साहेब? म्या ऐकलं असतं."

तुम्ही ते ऐकायला माझ्याकडे आला नव्हतात, हे उत्तर मधुसूदनरावांजवळ होतं, आणि ते खरंही होतं. ते त्यांनी दिलं नाही. "चुकलो," एवढंच म्हणाले. बद्रीनाथ कदाचित ऐकता, कदाचित नाही. पण ज्याला विचारायला तो दरवर्षी येत होता, त्यानं एकदाही सांगून पाहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात रूपाचा वारस लावायचा अर्ज आला. मधुसूदनरावांनी त्यावर दोन शब्द लिहून सही केली: हरकत नाही. अप्पारावांनी तो कागद दोनदा वाचला आणि फायलीत लावला.

वैशाखात मोजणी ठरली. वकील मोजणीला जात नाहीत, पण मधुसूदनराव पिशोरला गेले. आठ एकर रान उघडं पडलं होतं, ढेकळं उन्हात पांढरी झालेली. रूपा चिंचेखाली उभी होती. बद्रीनाथ दुसऱ्या टोकाला, भाचीकडे पाहायचं धाडस न होऊन. मोजणीवाल्यांनी तिपाईवर यंत्र बसवलं, कुणी खांब धरला, कुणी आकडे लिहिले, खुणांवर चुना टाकला. मग नकाशावर मधून एक रेघ गेली. बद्रीनाथ तेव्हा पहिल्यांदा पुढं आला आणि म्हणाला, "चिंचंकडची बाजू तिच्याकडं राहू द्या. तिला ती पायजे व्हती."

सकाळी दहाला सुरू झालेलं काम दीड वाजता संपलं.

मधुसूदनरावांनी आयुष्यात प्रथमच हे काम डोळ्यांनी पाहिलं होतं. साडेतीन तास. मध्ये चहासुद्धा झाला. ज्यासाठी त्यांनी बारा वर्षं लावली होती ते इतकंच होतं.

रूपा त्यांच्याजवळ आली. "झालं का?"

"झालं. आता अंतिम हुकूमनामा होईल, त्याला वेळ लागणार नाही."

"येवढंच व्हतं?"

त्यांनी मान हलवली. ती चुन्याच्या खुणेकडे बघत म्हणाली, "आईला ठाऊक व्हतं, साहेब. म्हनायची, बद्रीचं डोकं इतकं चालत नाय, हे त्या वकिलाचं काम हाय."

मधुसूदनरावांनी विचारलं, "मग मला बोरं कशाला दिली त्यांनी?"

"मी बी इचारलं व्हतं. म्हनली, निदान तारीख तरी तोच सांगतो."

वरातीमागून घोडं आलेलं असतं तेव्हा घोड्याला काय वाटतं, हे कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. मधुसूदनराव गाडीत बसून शहराकडे निघाले.

घरी पोहोचले तर दारात अनसूयेच्या चपला. ती दुपारच्या बसनं जालन्याहून आली होती. आत येऊन पाहतात तो टीपॉयवर हक्कसोडीचा मसुदा, त्याच्या शेजारी वहिनींनी आणलेली साडी, आणि अनसूया चष्मा लावून पानं उलटत बसलेली.

"आलास? उद्या कधी जायचं रे सहीला?" तिनं विचारलं. "परवा परत जायचंय मला. घरमालक खोली रिकामी कर म्हणतोय, दुसरी बघायची आहे." हे तिनं अगदी सहज सांगितलं, जसं कुणी दूध संपलं म्हणून सांगावं.

मधुसूदनरावांनी तिच्या हातातून मसुदा घेतला आणि तिच्यासमोर उभा-आडवा फाडला. स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली.

"अरे, काय करतोस? मी काही मागितलं नव्हतं तुझ्याकडे," अनसूया घाबरून म्हणाली. "कधीच नाही."

"मी कधी विचारलंही नाही, अनू." ते तिच्यासमोर बसले. निम्मं घर तिचं आहे, हे सांगायला वकील लागत नव्हता, ते तर पहिल्यापासून ठरलेलंच होतं. राहिलं होतं ते दुसरं अर्धं, निम्मं म्हणजे कुठलं ते, आणि तेवढं विचारायला त्यांना कुठल्याही निकालापेक्षा जास्त बळ लागलं. "तुला यातली कुठली खोली हवी?"

"मागची," अनसूया म्हणाली. "आईची. तिथं सकाळचं ऊन येतं."

तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. उत्तर तिच्याजवळ तयार होतं. किती वर्षांपासून, हे विचारायचा धीर मधुसूदनरावांना झाला नाही.